हलका धक्का, अजस्र लाट

१५ जून १८९६ चा दिवस. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील सान्रिकू या प्रदेशात सण साजरा होत होता. चीनबरोबरच्या युद्धातून परतलेले सैनिकही घरोघरी आले होते. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास जमीन हलली. पण अगदी हलकेच. घरे पडली नाहीत, कोणी घाबरले नाही. जपानमध्ये असे धक्के नेहमीचेच. लोक पुन्हा जेवणाखाण्यात आणि गप्पांत रमले.

सुमारे पस्तीस मिनिटांनी समुद्र किनाऱ्यावर चालून आला. काही ठिकाणी पाणी ३८ मीटर उंचीपर्यंत चढले. म्हणजे दहा-बारा मजली इमारतीइतके! सुमारे बावीस हजार माणसे प्राणास मुकली. नवलाची गोष्ट अशी, की रात्री मासेमारीसाठी दूर समुद्रात गेलेल्या कोळ्यांना काहीच कळले नव्हते. खोल पाण्यात त्यांच्या होड्यांखालून लाट निघून गेली होती. ते परत आले तेव्हा किनाऱ्यावर गाव उरले नव्हते.

आता याच किनाऱ्यावरची दुसरी घटना पहा. १२ जून १९७८ रोजी मियागी प्रांताजवळ समुद्राखाली भूकंप झाला. सेंदाई शहर गदागदा हलले. कुंपणाच्या भिंती कोसळल्या, इमारतींना तडे गेले, सुमारे २८ माणसे दगावली. आणि समुद्र? तो किंचित वर-खाली झाला, इतकेच.

एका भूकंपात जमीन जेमतेम हलली आणि समुद्र खवळला. दुसऱ्यात जमीन थरथरली आणि समुद्र शांत राहिला. दोन्ही भूकंप एकाच किनाऱ्यावरचे, त्याच दोन भूपट्टांमधले. मग असे का व्हावे? या कोड्याचे उत्तर दोन गोष्टींत दडलेले आहे. एक म्हणजे प्रस्तरभंग किती खोलीवर सरकला, आणि दुसरी म्हणजे तेथील खडक किती कणखर किंवा किती मऊ आहेत.

एकाखाली एक सरकणारे पट्ट

पृथ्वीचे बाहेरचे कवच अखंड नाही, हे तुम्हांला ठाऊक आहेच. ते मोठमोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे आणि हे पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सरकत असतात. जपानच्या पूर्वेस पॅसिफिक पट्ट वर्षाला सुमारे आठ सेंटिमीटर या गतीने जपानच्या दिशेने येतो आणि जपान ज्यावर वसला आहे त्या पट्टाखाली तिरका घुसतो. अशा जागेला निमज्जन क्षेत्र म्हणतात. पट्ट जेथे खाली वळतो तेथे समुद्रतळावर खोल, लांबच लांब गर्ता तयार होते. तेथून हा उतार जमिनीच्या दिशेने खाली खाली जातो. खालचा पट्ट आणि वरचा पट्ट यांच्यामधली जी तिरपी सीमा, तोच येथला प्रस्तरभंग. त्याचे वरचे टोक गर्तेत समुद्रतळाला मिळते, तर त्याचा खालचा भाग किनाऱ्याच्या जवळ चाळीस-पन्नास किलोमीटर खोलीवर असतो.

हे दोन पट्ट एकमेकांवरून लोण्यासारखे घसरत गेले असते, तर मोठे भूकंप झालेच नसते. पण घर्षणामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. खालचा पट्ट पुढे जातच असतो आणि जाताना वरच्या पट्टाची कडा आपल्याबरोबर खाली ओढतो. वरचा पट्ट धनुष्याप्रमाणे वाकत जातो. शेकडो वर्षे ताण साठतो. एके दिवशी घर्षणाची पकड सुटते, वरचा पट्ट झटक्याने पुढे आणि वर उसळतो. हाच निमज्जन क्षेत्रातील महाभूकंप. उसळताना तो डोक्यावरचे सगळे पाणीही उचलतो. हे उचललेले पाणी सपाट होण्यासाठी दोन्हीकडे पसरू लागते, तीच त्सुनामी.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्सुनामी जमिनीच्या थरथरण्यामुळे निर्माण होत नाही. समुद्रतळ किती उचलला गेला, त्यावर ती अवलंबून असते. थरथर आणि उचल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या कोड्याची गाठ येथूनच सुटू लागते.

खडकाची दृढता

टेबलावर एक लाकडी ठोकळा ठेवा आणि त्याच्या शेजारी तेवढाच स्पंजचा तुकडा ठेवा. दोन्हींच्या माथ्यावर तळहात ठेवून सारख्याच जोराने बाजूला रेटा. लाकूड जागचे हलणार नाही. स्पंजचा माथा मात्र कितीतरी पुढे जाईल आणि तो तिरका दिसू लागेल. पदार्थाचा आकार असा तिरका करण्यास तो जो विरोध करतो, त्याला त्या पदार्थाची दृढता म्हणतात. ती पास्काल या एककात मोजतात.

सर्व खडक सारखेच दृढ नसतात. जमिनीखाली वीस-तीस किलोमीटरवरील घट्ट, दाबलेल्या खडकाची दृढता ३० अब्ज पास्काल किंवा त्याहून जास्त असते. त्याखालच्या प्रावरणात ती याच्या दुपटीहून अधिक भरते. पण सागरी गर्तेजवळ परिस्थिती निराळी असते. तेथे वरच्या पट्टाची पुढची कडा बरीचशी समुद्रतळावरच्या गाळाची, चिकणमातीची आणि तडे गेलेल्या खडकांची असते. तिच्यात पाणी मुरलेले असते आणि वरून दाबणारा भार थोडा असतो. तेथील दृढता खोलवरच्या खडकाच्या पाचव्या किंवा दहाव्या हिश्शाइतकीच भरते.

या फरकाचे दोन मोठे परिणाम होतात. पहिला परिणाम सरकण्याच्या अंतरावर. भूकंपाचा खरा आकार ठरविण्यासाठी शास्त्रज्ञ पुढील गुणाकार वापरतात :

भूकंप-परिबल = खडकाची दृढता × सरकलेल्या भागाचे क्षेत्रफळ × सरकण्याचे अंतर

ही कल्पना केइइती अकी या जपानी शास्त्रज्ञाने १९६६ मध्ये प्रत्यक्ष वापरून दाखविली. तिच्यावर आधारलेली महत्तेची मोजपट्टी हिरू कानामोरी आणि टॉमस हँक्स यांनी १९७९ मध्ये मांडली. आता सोपे आकडे घेऊन एक उदाहरण करू. समजा, १०० किलोमीटर लांब आणि ४० किलोमीटर रुंद असा प्रस्तरभंगाचा तुकडा सरकला. तो खोलवर, ३० अब्ज पास्काल दृढतेच्या खडकात असेल आणि ३ मीटर सरकला असेल, तर महत्ता सुमारे ७.६ येते. तोच तुकडा उथळ जागी, ६ अब्ज पास्काल दृढतेच्या मऊ खडकात असेल, तर तेवढीच महत्ता येण्यासाठी तो किती सरकला पाहिजे? दृढता पाचपटींनी कमी झाली, म्हणून अंतर पाचपटींनी वाढले पाहिजे; म्हणजे १५ मीटर! वर्तमानपत्रात दोन्ही भूकंपांची महत्ता ७.६ अशीच छापून येईल. समुद्राला मात्र ३ मीटर आणि १५ मीटर यांतला फरक बरोबर कळतो.

मऊ खडकातील संथ भूकंप

दुसरा परिणाम वेगावर होतो. प्रस्तरभंग सगळा एकाच क्षणी सरकत नाही. कापड फाडताना चीर जशी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावते, तसे हे तुटणे एका जागी सुरू होऊन पुढे पसरत जाते. त्याचा वेग सामान्यतः त्या खडकातून जाणाऱ्या अवतरंगांच्या वेगाहून थोडा कमी असतो. अवतरंगांचा वेग कसा काढतात? दृढतेला घनतेने भागायचे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ घ्यायचे.

तुम्हीच करून पहा. ३० अब्ज पास्काल दृढता आणि दर घनमीटरला २,८०० किलोग्रॅम घनता घेतली, तर वेग सेकंदाला सुमारे ३,२७० मीटर येतो. मऊ, ओल्या खडकाची दृढता ३ अब्ज पास्काल आणि घनता २,२०० किलोग्रॅम धरली, तर वेग सुमारे १,१७० मीटर येतो. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश! खोलवर १०० किलोमीटरची चीर सुमारे ४० सेकंदांत पार होत असेल, तर उथळ, मऊ खडकात तिला १०० सेकंद किंवा अधिक वेळ लागेल.

या संथपणाचा आपल्या पायांखालच्या जमिनीशी काय संबंध? घरे पाडणारे आणि माणसाला घाबरवणारे कंप जलद असतात. ते सेकंदाला एक किंवा अनेक वेळा मागेपुढे होतात. झटक्याने तुटणारा कणखर खडक असे कंप भरपूर निर्माण करतो. वाळलेली काटकी मोडली की कडाड् आवाज येतो. ओली फांदी वाकवत मोडली तर आवाज होत नाही. मोडते मात्र तीही. मऊ खडकातला भूकंप या ओल्या फांदीसारखा असतो. त्यातून मंद, लांबलचक कंप बाहेर पडतात. माणसाला ते होडीत बसल्यासारखे डुलणे वाटते, किंवा जाणवतही नाहीत.

कानामोरी यांनी १९७२ मध्ये अशा भूकंपांना 'त्सुनामी भूकंप' असे स्वतंत्र नाव दिले. धक्क्याच्या मानाने ज्यांची लाट फारच मोठी, ते त्सुनामी भूकंप. १८९६ चा सान्रिकू भूकंप हे त्याचे ठळक उदाहरण. २ सप्टेंबर १९९२ रोजी मध्य अमेरिकेतील निकाराग्वाच्या किनाऱ्याजवळ असाच भूकंप झाला. तेथे प्रस्तरभंगाचे तुटणे सेकंदाला एक ते दीड किलोमीटर इतक्या संथ गतीने पसरले आणि शंभर सेकंदांच्या आसपास चालले. किनाऱ्यावरच्या अनेकांना धक्का जाणवलाच नाही. सुमारे १७० लोक लाटेत बळी पडले.

खोलीप्रमाणे बदलणारा स्वभाव

आता प्रस्तरभंगाच्या उतारावरून आपण मनाने खाली उतरू या.

गर्तेपासून सुमारे दहा किलोमीटर खोलीपर्यंतचा पट्टा उथळ. वरचा खडक मऊ, पाण्याने भरलेला. येथे सरकणे मोठे, संथ आणि बिनबोभाट. वर समुद्र खोल, त्यामुळे उचलले जाणारे पाणीही भरपूर. त्सुनामीच्या दृष्टीने हाच सर्वांत धोक्याचा भाग.

सुमारे दहा ते तीस किलोमीटरच्या दरम्यान दाब आणि उष्णता वाढते. मऊ मातीतील पाणी पिळून निघते, तिच्यातील खनिजे बदलतात, वरचा खडक कणखर होतो. पट्ट येथे एकमेकांना घट्ट धरतात. बहुतेक महाभूकंपांची सुरुवात या भागात होते.

तीस ते पन्नास किलोमीटरवर खडक आणखी दृढ असतो. येथे सरकण्याचे अंतर तुलनेने कमी, पण तुटणे जलद आणि कंप तिखट. १९७८ चा मियागी भूकंप सुमारे चाळीस किलोमीटर खोलीवरचा होता. म्हणून सेंदाई हादरले आणि समुद्र स्वस्थ राहिला. याच्याही खाली खडक इतके तापलेले असतात, की ते तुटण्याऐवजी हळूहळू वाहतात. तेथे ताण साठत नाही आणि मोठे भूकंपही होत नाहीत.

उथळ आणि खोल भूकंपांतील हा फरक पूर्वीपासून लक्षात आला होता. पण त्याचे कारण काय? काही म्हणत, प्रस्तरभंगातील माती. काही म्हणत, समुद्रतळावरचे डोंगर. बार्सिलोना येथील वालेंती सायारेस आणि सेसार रानेरो या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये एक सरळ उपाय केला. जहाजांवरून ध्वनितरंग सोडून समुद्रतळाखालच्या खडकांचे वेग मोजण्याचे काम जगभर अनेक ठिकाणी झालेले होते. ती मापने त्यांनी एकत्र केली आणि प्रस्तरभंगाच्या लगेच वर असलेल्या खडकाची दृढता खोलीप्रमाणे कशी बदलते, ते काढले. निरनिराळ्या समुद्रांतील किनारे, पण आलेख जवळजवळ सारखाच! वरच्या पट्टाच्या दृढतेतील हा एकच बदल लक्षात घेतला, तरी सरकण्याचे अंतर, तुटण्याचा वेग आणि कंपांचा मंदपणा या सर्वांचा बराचसा उलगडा होतो, असे त्यांनी दाखवून दिले.

समुद्रतळाला पाडलेले छिद्र

मात्र सगळा हिशेब दृढतेवर सोडून चालत नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या तोहोकू भागात ९ महत्तेचा भूकंप झाला. त्याची सुरुवात उतारावर बरीच खाली झाली. पण तुटणे वर वर चढत थेट गर्तेपर्यंत पोचले आणि तेथे प्रस्तरभंग ५० मीटरच्या आसपास सरकला! त्यापूर्वी पुष्कळ शास्त्रज्ञांची समजूत अशी होती, की गर्तेजवळची मऊ माती ताण साठवत नाही. ती तुटण्याला उलट लगाम घालील. येथे तर लगाम पार तुटला होता.

कारण शोधण्यासाठी २०१२ मध्ये 'चिक्यू' हे जपानी जहाज त्या जागी गेले. पाण्याची खोली सुमारे ६,९०० मीटर. त्याखाली समुद्रतळात आणखी ८०० मीटरहून अधिक खोल छिद्र पाडण्यात आले. प्रस्तरभंग सापडला. त्याची जाडी पाच मीटरांहूनही कमी होती आणि तो स्मेक्टाइट नावाच्या निसरड्या चिकणमातीने भरलेला होता. शास्त्रज्ञांनी छिद्रात तापमापके उतरवली आणि सुमारे नऊ महिने तेथेच ठेवली. हात एकमेकांवर घासले की ते तापतात. तसाच भूकंपात प्रस्तरभंगही तापतो. उरलेली उष्णता मोजली तर घर्षण किती होते ते कळते. तापमान भोवतालपेक्षा जेमतेम ०.३ अंशाने अधिक भरले. त्यावरून घर्षणांक ०.०८ च्या आसपास निघाला. सामान्य खडकाचा घर्षणांक ०.६ ते ०.८ असतो. म्हणजे सरकताना प्रस्तरभंग कमालीचा निसरडा झाला होता. वेगाने सरकताना मातीतील पाणी तापते, फुगते. पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग तेच पाणी वरच्या पट्टाचा भार पेलते आणि पकड सुटते. पावसाळ्यात चिखलाच्या वाटेवरून पाय कसा सटकतो, ते आठवा.

मोजण्यातील फसगत

हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. किनाऱ्यावरील माणसाला सावध करण्यासाठी काही मिनिटेच हातात असतात. त्या घाईत जलद कंपांवरून महत्ता काढली, तर संथ भूकंप लहान भासतो. शिवाय फार मोठा भूकंप तुटून पूर्ण होण्यापूर्वीच अंदाज करावा लागतो. २०११ मध्ये पहिल्या तीन मिनिटांत जपानच्या हवामान खात्याने महत्ता ७.९ ठरविली आणि इवाते प्रांतात ३ मीटर लाटेचा इशारा दिला. प्रत्यक्षातील लाट कितीतरी मोठी होती. इशारा पुढे वाढविण्यात आला, पण तोपर्यंत अनेक ठिकाणी वीज गेली होती. आता मंद कंप टिपणारी यंत्रे आणि समुद्रतळावर पाण्याचा दाब मोजणारी उपकरणे यांवर अधिक भर दिला जातो.

माणसाच्या मनाचीही अशीच फसगत होते. इंडोनेशियाच्या मेंतावाई बेटांजवळ २५ ऑक्टोबर २०१० रोजी ७.८ महत्तेचा उथळ, संथ भूकंप झाला. तेथल्या लोकांनी २००७ मध्ये याहून जोराचे हादरे अनुभवले होते आणि त्या वेळी मोठी लाट आली नव्हती. म्हणून या मंद डोलण्याकडे अनेकांनी दुर्लक्ष केले. चारशेहून अधिक लोक मरण पावले. अनुभव खरा होता, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

आपला संबंध

महाराष्ट्राखाली निमज्जन क्षेत्र नाही. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे पट्टाच्या आतल्या भागात झालेले, वेगळ्या जातीचे भूकंप. पण भारताच्या दोन्ही बाजूंना अशी क्षेत्रे आहेत. पूर्वेला सुमात्रापासून अंदमानपर्यंत भारतीय पट्ट खाली जातो. तेथे २६ डिसेंबर २००४ रोजी सुमारे १,३०० किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग तुटला आणि हिंदी महासागराच्या काठी दोन लाखांहून अधिक माणसे दगावली. पश्चिमेला पाकिस्तान आणि इराणच्या दक्षिणेस मकरान क्षेत्र आहे. तेथे अरबी पट्टावर सुमारे सात किलोमीटर जाडीचा गाळ साचलेला आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तेथे ८.१ महत्तेचा भूकंप झाला, तेव्हा त्सुनामी अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत आली होती आणि तिने येथेही बळी घेतले. तेव्हा कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्याला हा विषय अगदीच परका नाही. २००७ पासून हैदराबाद येथे भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र रात्रंदिवस काम करीत आहे.

करून पहा

खरखरीत लाकडी फळीवर अर्धी वीट ठेवा. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापा : एक रुंद आणि आखूड, दुसरी अरुंद आणि लांब. प्रथम रुंद पट्टी विटेला बांधून अगदी हळू ओढा. वीट अडून राहील, मग छोट्या, जलद उडीने पुढे सरकेल. पट्टीने मोजा. आता अरुंद पट्टी बांधून तसेच करा. वीट, फळी, घर्षण सगळे तेच. फक्त रबर मऊ. या वेळी उडी लांब आणि संथ होते का, ते पहा. दहा-दहा वेळा मोजून सरासरी काढा. मग फळीवर ओल्या चिकणमातीचा पातळ लेप देऊन काय बदलते, तेही नोंदवा आणि वर्गात चर्चा करा.

आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. समुद्रकिनारी असताना जमीन जोरात हलली, किंवा हळूहळू पण मिनिटभर डुलत राहिली, तर भोंग्याची वाट न पाहता उंच जागी जा. धक्का किती जोराचा होता, एवढेच पाहू नका. तो किती वेळ टिकला, तेही मोजा.